सूक्ष्मजंतूंतील विषारी एंझाइमे व आत्मसंरक्षण

अनेक सूक्ष्मजंतू स्वतःच्याच कोशिकेचा (पेशीचा) नाश करू शकतील अशी एंझाइमे (जीवरासायनिक विक्रिया जलद घडवून आणणारी प्रथिने) तयार करतात. यांपैकी काही एंझाइमे न्यूक्लिइक अम्लांचे तुकडे करतात, काही प्रथिनांचे विच्छेदन करतात, तर काही कोशिकाभित्तीचे जाळे तोडतात. अन्न मिळविणे, प्रतिस्पर्धी सूक्ष्मजंतूंना मारणे किंवा बाहेरून शिरलेल्या व्हायरसांचा नाश करणे या कामी त्यांचा उपयोग होतो. तथापि ज्या रेणूंवर ही एंझाइमे क्रिया करतात ते रेणू एंझाइम निर्माण करणाऱ्या कोशिकेतही असतात. आपला रेणू कोणता व परका कोणता, हे एंझाइमाला ओळखता येत नाही. म्हणून विष निर्माण करण्यापूर्वी अथवा निदान त्याच क्षणी त्यावरील उतारा सिद्ध ठेवणे कोशिकेला भाग पडते. या उताऱ्याचे स्वरूप, तो केव्हा व कोठे तयार होतो आणि त्यावर कोशिका कशी अवलंबून राहते, यांचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे.

धोक्याचे स्वरूप : एंझाइम हे उत्प्रेरक असल्यामुळे विक्रियेत स्वतः खर्ची पडत नाही. एकच रेणू एकामागून एक असंख्य बंध तोडू शकतो. त्यामुळे विषारी एंझाइमाची मात्रा कमी ठेवणे हा पुरेसा उपाय ठरत नाही. थोडे रेणू मोकळे राहिले तरी कोशिका मरू शकते. शिवाय सूक्ष्मजंतूची कोशिका अतिशय लहान (लांबी सु. एक ते काही मायक्रोमीटर) असून तिच्यात उच्च वर्गातील जीवांच्या कोशिकांप्रमाणे पटलांनी वेढलेले वेगळे कप्पे सहसा नसतात. घातक पदार्थ आतल्या आत बंद करून ठेवण्याची सोय नसल्यामुळे सूक्ष्मजंतूंमध्ये निराळ्या युक्त्या उत्क्रांत झाल्या आहेत. त्यांचे स्थूलमानाने चार प्रकार पडतात : (१) एंझाइम निष्क्रिय पूर्वरूपात तयार करून ते कोशिकेबाहेर गेल्यावर सक्रिय होऊ देणे, (२) एंझाइमाला घट्ट चिकटून त्याची क्रिया थांबविणारे निरोधक प्रथिन तयार करणे, (३) एंझाइम ज्यावर घाव घालते त्या स्वतःच्या रेणूतच फरक करणे आणि (४) विष व उतारा यांच्या निर्मितीचा क्रम व वेळ यांवर नियंत्रण ठेवणे. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी यांपैकी एकाहून अधिक प्रकार एकत्र आढळतात.

निष्क्रिय पूर्वरूप : बॅसिलस ॲमिलोलिक्विफेशियन्स हा मातीत आढळणारा दंडाकार सूक्ष्मजंतू सब्टिलिसीन नावाचे प्रथिनविच्छेदक एंझाइम बाहेर टाकतो. कपडे धुण्याच्या चूर्णात डाग काढण्यासाठी जी एंझाइमे घालतात, त्यांत या गटातील एंझाइमांचा समावेश होतो. हे एंझाइम कोशिकेतच कार्यक्षम झाले, तर कोशिकेतील प्रथिने त्याच्या तडाख्यात सापडतील. परंतु ते तयार होताना त्याच्या अग्रभागी ७७ ॲमिनो अम्लांची एक जादा साखळी असते. ही साखळी एंझाइमाला योग्य घडी पडण्यास मदत करते आणि त्याच वेळी त्याचे सक्रिय स्थान (जेथे विक्रिया घडते तो भाग) झाकून ठेवते. एंझाइम कोशिकापटलापलीकडे गेल्यावर ही साखळी तोडली जाऊन नष्ट होते व मगच एंझाइम मोकळे होते. मनुष्याच्या स्वादुपिंडात ट्रिप्सीन हे पाचक एंझाइम ट्रिप्सिनोजेन या निष्क्रिय रूपात तयार होते व आतड्यात आल्यावर सक्रिय होते, त्याच तत्त्वाचा हा सूक्ष्मजंतूंतील आविष्कार होय.

बार्नेज व बारस्टार : हाच सूक्ष्मजंतू बार्नेज नावाचे दुसरे एंझाइमही बाहेर टाकतो. ते रिबोन्यूक्लिइक अम्लाचे (आरएनएचे) तुकडे करते. कोशिकेतील प्रथिननिर्मिती आरएनएवरच अवलंबून असल्याने बार्नेज कोशिकेत मोकळे राहिल्यास कोशिकेचे सर्व व्यवहार थांबतात. बार्नेजमध्ये ११० ॲमिनो अम्ले असून त्याला सब्टिलिसिनासारखे निष्क्रिय ठेवणारे आवरण नसते. ते पटलाबाहेर नेण्यासाठी अग्रभागी एक संकेत-साखळी असते. मात्र एखादा रेणू बाहेर न जाता आतच राहिला, तर त्याचा बंदोबस्त करण्यासाठी कोशिका बारस्टार हे निरोधक प्रथिन तयार करते. ८९ ॲमिनो अम्लांचे हे लहान प्रथिन कोशिकेबाहेर कधीच पाठविले जात नाही. विष बाहेर आणि उतारा आत, अशी ही वाटणी आहे.

अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट हार्टली यांनी या जोडीचा दीर्घकाळ अभ्यास केला. बार्नेजचे अखंड जनुक (आनुवंशिक गुणधर्माचा निर्देशक घटक) दुसऱ्या सूक्ष्मजंतूत एकटे घालण्याचे प्रयत्न सफल होत नव्हते, कारण ते स्वीकारणारी कोशिका मरत असे. १९८८ मध्ये हार्टली यांनी बारस्टारचे जनुक सोबत असल्यास एश्चेरिकिया कोलाय या सूक्ष्मजंतूतही बार्नेज तयार करता येते, असे दाखवून दिले. उताऱ्याची आवश्यकता यामुळे प्रत्यक्ष प्रयोगाने सिद्ध झाली.

या दोन प्रथिनांमधील बंध ज्ञात असलेल्या सर्वांत घट्ट प्रथिनबंधांपैकी एक आहे. त्याचा विगमन स्थिरांक सु. १०⁻१४ मोल प्रती लिटर इतका अल्प आहे. म्हणजे एकदा जुळलेल्या जोड्यांपैकी निम्म्या सुटण्यास सु. एक दिवस लागतो. सूक्ष्मजंतूची एक पिढी अनुकूल परिस्थितीत एका तासाहूनही कमी वेळात पुरी होते, हे लक्षात घेतले म्हणजे हा बंध कोशिकेच्या दृष्टीने जवळजवळ कायमचा ठरतो. १९९० नंतरच्या दशकात ॲलन फर्श्ट व त्यांचे सहकारी यांनी या घट्टपणाचे कारण उलगडले. बार्नेजच्या सक्रिय स्थानाभोवती धन विद्युत् भार असतो, कारण त्याला ऋण भारित आरएनए पकडावयाचे असते. बारस्टारचा त्याला लागणारा पृष्ठभाग ऋण भारित असतो. परस्परविरुद्ध भारांमुळे दोन्ही प्रथिने एकमेकांकडे अतिशय वेगाने ओढली जातात आणि बारस्टारचा एक भाग बूच बसावे तसा सक्रिय स्थानात बसतो. घट्टपणाइतकाच हा वेगही महत्त्वाचा आहे. कारण उतारा उशिरा पोहोचल्यास मधल्या वेळात एंझाइम आपले काम करून जाते.

कोलिसिने : एश्चेरिकिया कोलाय सूक्ष्मजंतूचे काही वाण त्याच जातीच्या इतर वाणांना मारणारा पदार्थ तयार करतात, असे बेल्जियन शास्त्रज्ञ आंद्रे ग्रात्या यांना १९२५ मध्ये आढळले. पुढे १९४६ मध्ये ग्रात्या व प्येअर फ्रेदेरिक यांनी अशा पदार्थांना ‘कोलिसीन’ हे नाव दिले. काही कोलिसिने लक्ष्य कोशिकेच्या पटलाला छिद्रे पाडतात, तर काही एंझाइमे असतात. उदा., कोलिसीन ई-३ हे रिबोसोमातील (प्रथिननिर्मितीच्या केंद्रातील) आरएनएचा एक विशिष्ट बंध तोडते. १९७१ मध्ये हा शोध लागला. या एकाच छेदाने रिबोसोम निकामी होतो. कोलिसीन ई-२ व ई-९ ही डीऑक्सिरिबोन्यूक्लिइक अम्लाचे (डीएनएचे) तुकडे करतात.

कोलिसीन निर्माण करणारी कोशिका त्याबरोबरच एक प्रतिरक्षी प्रथिनही निर्माण करते. प्रत्येक कोलिसिनाचे प्रतिरक्षी प्रथिन वेगळे असते. शुद्ध केलेल्या कोलिसीन ई-३ मध्ये हे प्रथिन जोडलेलेच असते, हे करेन जेक्स व नॉर्टन झिंडर यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले. कोलिसीन ई-९ व त्याचे प्रतिरक्षी प्रथिन यांचा बंध बार्नेज–बारस्टार जोडीइतकाच किंवा त्याहूनही घट्ट असतो. येथे एक लक्षणीय फरक दिसतो. बारस्टार सक्रिय स्थानच बंद करते. याउलट ई-९ चे प्रतिरक्षी प्रथिन सक्रिय स्थानाच्या शेजारी चिकटते आणि आपल्या आकारमानाने व ऋण भाराने डीएनएला जवळ येऊ देत नाही. सक्रिय स्थान निरनिराळ्या कोलिसिनांत जवळजवळ सारखे असते, शेजारचा भाग मात्र बदलता असतो. त्यामुळे एका कोलिसिनाचा उतारा दुसऱ्याला पुरेसा लागू पडत नाही आणि प्रत्येक वाणाचे विष व उतारा यांची स्वतंत्र जोडी बनते.

कोलिसीन बाहेर पडते तेही प्रतिरक्षी प्रथिनासह. लक्ष्य कोशिकेवर पोहोचून आत शिरताना मात्र ते सुटून बाहेर राहते आणि एंझाइम एकटेच आत जाते. इतका घट्ट बंध तोडण्यासाठी लागणारी ऊर्जा बळी पडणाऱ्या कोशिकेच्या पटलावरील यंत्रणेकडूनच पुरविली जाते. प्रतिरक्षी प्रथिन असलेल्या सहोदर कोशिकेत असे मोकळे एंझाइम शिरले, तरी तेथील प्रथिन त्याला लगेच पकडते.

निर्मितीच्या वेळेचे नियंत्रणही सूक्ष्म असते. डीएनएला इजा झाल्याचा संकेत मिळेपर्यंत कोलिसिनाचे जनुक बंद ठेवलेले असते; प्रतिरक्षी प्रथिनाच्या जनुकाला मात्र स्वतःचा निराळा नियंत्रक क्रम असल्याने ते थोड्या प्रमाणात सतत कार्य करते. म्हणजे शत्रू येवो वा न येवो, उतारा घरात तयारच असतो. कोलिसीन बाहेर टाकताना निर्माती कोशिका फुटून मरते. तिने वाचविलेल्या असतात त्या तिच्या वंशातील इतर कोशिका. येथील ‘आत्मसंरक्षण’ हे अशा रीतीने एका कोशिकेचे नसून समूहाचे आहे.

शेजारी कोशिकांतील संघर्ष : २००६ मध्ये पटकीचा सूक्ष्मजंतू व स्यूडोमोनस एरुजिनोझा यांत सहाव्या प्रकारची स्रावयंत्रणा म्हणून ओळखली जाणारी रचना आढळली. ही रचना भाल्याप्रमाणे शेजारच्या कोशिकेत घुसून तीत विषारी प्रथिने सोडते. स्यूडोमोनस एरुजिनोझाची अशी दोन एंझाइमे शेजाऱ्याच्या कोशिकाभित्तीतील निरनिराळे बंध तोडतात, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. या कोशिका दाटीने वाढतात व एकाच वाणाच्या कोशिका एकमेकींनाही टोचतात. त्यामुळे कोशिकाभित्ती ज्या अवकाशात असते, त्याच अवकाशात प्रत्येक कोशिका प्रतिरक्षी प्रथिने साठवून ठेवते. ज्या कोशिकेत त्यांचे जनुक नसते, ती आपल्याच भगिनी कोशिकांकडून मारली जाते. उतारा योग्य प्रकारचा असून भागत नाही, तो योग्य जागी असावा लागतो, हे यावरून स्पष्ट होते.

लक्ष्यात बदल : विषाला बांधून ठेवण्याऐवजी त्याचे लक्ष्यच बदलणे हा वेगळा मार्ग होय. स्टॅफिलोकॉकस सिम्युलन्स या गोलाणूचा एक वाण लायसोस्टॅफीन हे एंझाइम बाहेर टाकतो. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या रोगकारक गोलाणूच्या कोशिकाभित्तीत पाच ग्लायसीन रेणूंचे पूल असतात, ते या एंझाइमाने तुटतात. निर्माता वाण आपल्या पुलांत काही ठिकाणी ग्लायसिनाऐवजी सेरीन हे ॲमिनो अम्ल बसवितो व त्यामुळे एंझाइमाला तेथे छेद देता येत नाही. लायसोस्टॅफीन व हा बदल घडविणारे प्रथिन यांची जनुके एकाच प्लाझ्मिडावर (गुणसूत्राबाहेरील लहान वर्तुळाकार डीएनएवर) शेजारी असतात.

या प्रकाराचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण निर्बंधक एंझाइमांचे आहे. ही एंझाइमे डीएनएमधील ठराविक क्रम ओळखून तेथे छेद देतात व सूक्ष्मजंतुभक्षक व्हायरसांचा (सूक्ष्मजंतूंवर वाढणाऱ्या व्हायरसांचा) डीएनए आत शिरताच तोडतात. व्हायरसांची वाढ आश्रयी वाणानुसार मर्यादित होते, हे १९५० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी सॅल्व्हादोर लुरिया, ज्यूझेप्पे बेर्तानी इत्यादींना दिसले होते. व्हेर्नर आर्बर व डेझी ड्युसॉय यांनी १९६२ मध्ये या आविष्काराचा संबंध डीएनएशी जोडला. हॅमिल्टन स्मिथ यांनी १९७० मध्ये विशिष्ट क्रमापाशी छेद देणारे एंझाइम वेगळे केले. आर्बर, स्मिथ व डॅनिएल नेथन्स यांना १९७८ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

एको आरआय हे एंझाइम जीएएटीटीसी हा सहा घटकांचा क्रम ओळखते. चार प्रकारच्या घटकांपासून बनणारा असा क्रम सरासरीने दर ४,०९६ घटकांमागे एकदा यावा. एश्चेरिकिया कोलायच्या गुणसूत्रात सु. ४६ लाख घटकजोड्या असतात. या हिशोबाने त्यावर सु. १,१०० ठिकाणी छेद जाण्याचा संभव असतो आणि तसे झाल्यास कोशिका जगणे अशक्य आहे. म्हणून निर्बंधक एंझाइमाबरोबर एक जोडीदार एंझाइम असते. ते त्याच क्रमातील एका ॲडेनीन घटकाला मिथिल गट जोडते. अशी खूण असलेल्या जागी निर्बंधक एंझाइम छेद देत नाही. डीएनएचे द्विगुणन झाल्यावर प्रत्येक नव्या रेणूत एक जुना, खूण असलेला व एक नवा, खूण नसलेला धागा असतो. एका धाग्यावरील खूणही छेद टाळण्यास पुरेशी असते व तेवढ्या अवधीत दुसऱ्या धाग्यावर खूण केली जाते. जनुकांची ही जोडी नव्या कोशिकेत प्रथमच शिरते तेव्हा मात्र त्या कोशिकेचा सर्व डीएनए खुणेविना असतो. काही जोड्यांमध्ये यासाठी एक तिसरे नियंत्रक प्रथिन असते. ते पुरेसे साठेपर्यंत निर्बंधक एंझाइमाची निर्मिती लांबते आणि खूण करण्यास सवड मिळते.

उताऱ्यावरील परावलंबन : विष व उतारा यांची जोडी एकदा कोशिकेत आली की तिच्यापासून सुटका करून घेणे कठीण जाते. विष हे बहुधा टिकाऊ असते, तर उतारा लवकर नष्ट होतो अथवा वाढीबरोबर विरळ होत जातो. कोशिकेने ही जनुके गमावली, तर पूर्वी तयार झालेला उतारा आधी संपतो व उरलेले विष तिला मारते. १९८३ मध्ये तेरू ओगुरा व सोता हिरागा यांनी एश्चेरिकिया कोलायमधील एफ-प्लाझ्मिडावर असे जनुक-युग्म असल्याचे दाखविले. त्यातील विष डीएनएची गुंडाळी सांभाळणाऱ्या गायरेज या एंझाइमाला निकामी करते. त्यावरील प्रतिविष मात्र कोशिकेतील प्रथिनविच्छेदक एंझाइमाकडून सतत तोडले जात असते. प्लाझ्मिड हरविलेली संतती त्यामुळे मरते आणि प्लाझ्मिड असलेलीच शिल्लक राहते. निर्बंधक एंझाइमांच्या काही जोड्याही अशाच वागतात, असे इचिझो कोबायाशी व त्यांचे सहकारी यांनी १९९५ मध्ये दाखवून दिले. संरक्षणाची व्यवस्था ही येथे एक प्रकारची वेठ बनते. प्रतिजैव पदार्थांना दाद न देण्याचा गुण अनेकदा प्लाझ्मिडांवरील जनुकांतून पसरतो. तेव्हा अशी प्लाझ्मिडे औषध बंद केल्यावरही टिकून राहण्यास ही युग्मे साहाय्यभूत होतात.

गुणसूत्रांवरही अशी युग्मे आढळतात. एश्चेरिकिया कोलायमधील मॅझ-एफ हे एंझाइम आरएनएमधील एसीए या क्रमापाशी छेद देते व मॅझ-ई हे त्याचे प्रतिविष असते. क्षयाच्या सूक्ष्मजंतूच्या गुणसूत्रावर ७० हून अधिक युग्मे आहेत. प्रतिजैव पदार्थांच्या माऱ्यात सुप्तावस्थेत तग धरणाऱ्या कोशिका या युग्मांमुळे निर्माण होतात, असा विचार २०१० च्या सुमारास पुढे आला होता. तथापि त्याला आधारभूत मानलेले काही महत्त्वाचे प्रयोग पुढे मागे घ्यावे लागले व हा संबंध वादग्रस्त ठरला. व्हायरसांपासून संरक्षण हे काही युग्मांचे कार्य अधिक निश्चितपणे दिसून आले आहे. वनस्पतिरोगकारक पेक्टोबॅक्टिरियम या सूक्ष्मजंतूतील अशा एका युग्माची माहिती २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात आरएनए तोडणाऱ्या एंझाइमाला आरएनएचाच एक लहान रेणू बांधून ठेवतो. व्हायरसाने कोशिकेतील निर्मिती बंद पाडली की हा अल्पायुषी रेणू संपतो, एंझाइम मोकळे होते आणि व्हायरसाची वाढ पुरी होण्यापूर्वीच थांबते. आश्रयी कोशिका मेली, तरी भोवतालच्या कोशिका वाचतात.

उपयोग : निर्बंधक एंझाइमे ही १९७० नंतरच्या जननिक अभियांत्रिकीची मूलभूत साधने ठरली. एफ-प्लाझ्मिडावरील विषाचे जनुक प्रयोगशाळेत निवडीसाठी वापरतात. त्यात परका डीएनए घुसविला की ते निकामी होते व फक्त इष्ट कोशिका जगतात. लायसोस्टॅफिनाचा उपयोग स्टॅफिलोकॉकसाची भित्ती फोडण्यासाठी होतो. उतारा व विष यांचा बंध सोडवून सूक्ष्मजंतूला त्याच्याच एंझाइमाने मारता येईल का, या दिशेने नव्या औषधांचा शोध चालू आहे.

बार्नेज–बारस्टार जोडीचा उपयोग संकरित बियाण्यांच्या निर्मितीत झाला. ज्या पिकांत स्वपरागण होते, त्यांत संकरासाठी एका वाणातील पराग निर्माण होऊ न देणे आवश्यक असते. १९९० मध्ये चेलेस्तिना मारिआनी व सहकारी यांनी बार्नेजचे जनुक परागकोशातील पोषक थरातच कार्य करील अशा रीतीने तंबाखू व मोहरीवर्गीय तेलबियांच्या वनस्पतींत घातले. त्या थराचा नाश होऊन वनस्पती नर-वंध्य झाली. १९९२ मध्ये बारस्टार असलेल्या वाणाशी संकर करून संततीत परागनिर्मिती पूर्ववत् करता आली. याच तत्त्वावर दिल्ली विद्यापीठातील दीपक पेंटल व सहकारी यांनी डीएमएच-११ ही संकरित मोहरी तयार केली. भारत सरकारच्या जननिक अभियांत्रिकी मूल्यांकन समितीने ऑक्टोबर २०२२ मध्ये तिच्या पर्यावरणीय मुक्ततेची शिफारस केली. तिच्यातील तणनाशक-सहनशीलतेचे जनुक, मधमाश्यांवरील संभाव्य परिणाम व परीक्षणाची पद्धती यांबाबत आक्षेप घेण्यात आले आणि २३ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी या प्रकरणी भिन्न निर्णय दिले. मातीतील एका सूक्ष्मजंतूने आपल्या विषापासून स्वतःला वाचविण्यासाठी बाळगलेले ८९ ॲमिनो अम्लांचे प्रथिन अशा रीतीने शेती व सार्वजनिक धोरण यांच्या चर्चेचा विषय झाले आहे.